शिक्षणकर्ज मंजूर झालं हे मुलांना नीट कळवायचं कसं, आणि होकार कशाला धरायचा? (नाशिककरांचे अनुभव हवेत)

गोदाकाठची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण विषय तसाच आहे, शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आमच्या मंडळाचा एक छोटा शिक्षण निधी आहे. बिनव्याजी कर्जाऊ मदत देतो. बरीचशी मुलं पेठ, सुरगाणा, हरसूल, दिंडोरी भागातली, नाशकात डिप्लोमा, नर्सिंग, फार्मसी असं काही शिकतात, हॉस्टेलला नाहीतर चौघीपाचजणी मिळून खोली करून राहतात. पैसे मुलांच्या हातात देत नाही, फी म्हणून थेट कॉलेजच्या खात्यात जातात. कोर्स संपून नोकरी लागली की महिन्याला झेपेल तेवढं परत करायचं, तोच पैसा पुढच्या मुलाला.

अडचण अशी की परतफेडीचं विचारायला फोन केला की पलीकडून हमखास येतं, "ते कर्ज होतं का? मला वाटलं स्कॉलरशिप मिळाली." आणि माझी खात्री आहे की ही मुलं खोटं बोलत नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपचा) फॉर्म भरलेला असतो, कॉलेजची फी सवलत असते, आणखी कुठल्या ट्रस्टला अर्ज केलेला असतो, आणि सगळीकडून मेसेज एकच, "आपला अर्ज मंजूर झाला आहे". पैसा डोळ्यांनी बघितलेला नाही, सही एकदाच कधीतरी गर्दीत केलेली, मग कर्ज कुठलं आणि मदत कुठली हे कळणार कसं?

म्हणून यंदा ठरवलं की वाद घालत बसण्यापेक्षा करून बघू. मंजूर झालेल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चार गट पाडले. एका गटाला फक्त एसएमएस, एकाला व्हॉट्सॲप आणि "कळलं असेल तर उत्तर द्या", एकाला फोन, एकाला घरच्या पत्त्यावर पत्र, सोबत परत पाठवायचं कार्ड. चिठ्ठ्या अशासाठी की पेठच्या मुलींना फोन आणि शहरातल्यांना व्हॉट्सॲप असं आपल्या सोयीने केलं तर फरक पद्धतीने पडला की गावाने पडला ते कधीच कळणार नाही. दोनेक आठवड्यांनी, कोणाला काय पाठवलंय हे माहीत नसलेल्या कार्यकर्त्याने सगळ्यांना फोन करून तीनच प्रश्न विचारले: हे पैसे परत करायचे आहेत का, किती, आणि कधीपासून.

मेसेज पोचला का हे आम्ही विचारलंच नाही. डोक्यात पोचलं का हे बघायचं होतं.

एसएमएसचा निकाल सगळ्यात वाईट. त्यात मेसेजच्या भाषेचा दोष आहेच पण त्याआधी नंबरचा आहे. फॉर्मवरचा नंबर मुलीचा नसतोच, वडिलांचा असतो नाहीतर चुलतभावाचा, आणि काही फॉर्मांवर चक्क ज्या झेरॉक्सवाल्याकडे फॉर्म भरला त्याचा, कारण भरताना ओटीपी यायला हवा होता आणि मुलीकडे फोन नव्हता. बिचाऱ्या झेरॉक्सवाल्याला आमची सगळी मंजुरीपत्रं मिळाली.

व्हॉट्सॲपला उत्तरं भराभर आली, पण कशी, तर अंगठा. आणि अंगठा पाठवलेल्यांतल्या बऱ्याच जणांना रक्कम सांगता आली नाही. फोनवर तर "हो मॅडम, हो सर" एवढंच, समोरचा वयाने मोठा आहे म्हटल्यावर पोरं कशालाही हो म्हणतात. मग आमच्या एका कार्यकर्तीने मध्येच स्वतःहून प्रश्न बदलला. "कळलं का?" सोडून दिलं आणि विचारायला लागली, "आज घरी फोन केलास तर काय सांगशील?" त्यावर मुलं थांबायची, विचार करायची आणि मग खरं काय समजलंय ते बाहेर यायचं.

पत्र सगळ्यात हळू, कार्डं थोडीच परत आली, पण ज्या घरी पत्र गेलं तिथे आईवडिलांना माहीत होतं. एका घरी गेलो तर रेशनकार्ड, सातबारा, जातीचा दाखला ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतो त्याच पिशवीतून आमचं पत्र काढून दाखवलं.

आता प्रश्न. ज्यांनी काहीच उत्तर दिलं नाही त्यांचं काय करायचं? समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो अर्ज त्यांनीच केला होता, गप्प म्हणजे हो, फी भरून टाका, मुदत जाईल. दुसरा म्हणतो उत्तर नाही तर कर्ज नाही. मला दोन्ही पटत नाही. तुमच्याकडे बँकेचा, पतसंस्थेचा, कॉलेजचा अनुभव असेल तर प्लीज लिहा.

---

सातपूरचा_संतोष | सोमवार, रात्री १०:१५

चांगला धागा. अंगठ्याचं अगदी खरंय, आमच्या कंपनीच्या ग्रुपवर पण तेच. वाचतोय.

---

निवृत्त_शाखाधिकारी | सोमवार, रात्री ११:०२

ताई, उत्तम काम चाललंय. मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो, शैक्षणिक कर्जं पुष्कळ केली. आमच्या काळात मुलगा आणि वडील समोर बसायचे, कागदांवर जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवलेली असायची आणि "इथे, इथे आणि इथे" एवढंच बोलणं व्हायचं. वाचायला वेळ कोणालाच नसायचा, ना त्यांना ना आम्हाला.

आता नियम बराच सुधारलाय. आरबीआयने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या नव्या रिटेल (म्हणजे व्यक्तींना दिलेल्या) कर्जांना कर्ज देण्याआधी एक 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे मुख्य अटींचा कागद, द्यायचा. रक्कम, मुदत, सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, हप्त्यांचा तक्ता, सगळं त्यात. ग्राहकाला समजेल अशा भाषेत हवं आणि त्यातला मजकूर समजावून सांगून ग्राहकाला तो समजल्याची पोच घ्यायची. आणि सात दिवसांच्या किंवा जास्त मुदतीच्या कर्जाला ते कमीत कमी तीन कामाचे दिवस वैध ठेवायचं, म्हणजे घरी नेऊन विचार करायला वेळ मिळतो. जो चार्ज त्यात लिहिलेला नाही तो नंतर ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

हे बँकांना आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांना) लागू, तुमच्यासारख्या निधीला नाही. पण तीन दिवसांची कल्पना उचला. मंजुरी आणि होकार एकाच बैठकीत उरकू नका.

अजून एक. बारावी झालेली बरीच मुलं १७ वर्षांची असतात. १८ पूर्ण नसतील तर त्यांनी केलेला करार कायद्याने टिकत नाही. तेव्हा अशा वेळी होकार पालकाचा लागतो, आणि तरीसुद्धा मुलाला वेगळं सांगावं असं माझं मत, कारण फेडणार तोच आहे.

---

सिन्नर_टू_सीबीएस | मंगळवार, सकाळी ७:५०

गोदाकाठची ताई तुमच्याकडे निदान विचारतात तरी, माझ्या भाच्याचं ऐका. नाशकात एका कोचिंग क्लासला ॲडमिशन घेतली, काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की फी एकदम भरायची नसेल तर महिन्याला हप्ते करून देते, आधार पॅन दे, फोन दे, ओटीपी आला तो सांग, झालं ॲडमिशन कन्फर्म. पोरगं खूश आम्ही खूश. तीन महिन्यांनी क्लास आवडेना म्हणून सोडला आणि हप्ता थांबवला तर वसुलीचे फोन चालू झाले कुठल्यातरी फायनान्स कंपनीचे, जिचं नाव पण आम्ही ऐकलं नव्हतं. तेव्हा कळलं की ते क्लासचे हप्ते नव्हतेच, ते भाच्याच्या नावावर कर्ज होतं, पूर्ण फी क्लासला पहिल्याच आठवड्यात मिळून गेलेली आणि तो ओटीपी म्हणजे कर्जाच्या करारावर सही होती. एक रुपया त्याच्या खात्यात आला नाही, मग कळणार कसं? कर्जाचा ॲग्रीमेंट कुठंय विचारलं तर म्हणे ईमेलवर पाठवलाय, ईमेल क्लासवाल्यांनीच बनवून दिलेला होता, त्याचा पासवर्ड पोराला माहीत नाही.

आमच्या घरात बहिणीचं आणि मेव्हण्यांचं यावरून इतकं झालं की विचारू नका. पोरगं अजून अपराध्यासारखं बसतं.

---

निवृत्त_शाखाधिकारी | मंगळवार, सकाळी ९:२०

@सिन्नर_टू_सीबीएस, भाच्याला सांगा त्याची चूक नाही. पैसे थेट क्लासला जाण्याबद्दल: डिजिटल कर्जात रक्कम कर्जदाराच्याच खात्यात गेली पाहिजे असा नियम आहे, पण ठराविक कामासाठीचं कर्ज असेल तर थेट ज्याला द्यायचे त्याच्या खात्यात देता येतं, अशी सूट आहे. फी त्यात बसते. त्यामुळे पासबुकात नोंदच दिसत नाही.

आता करायचं काय, तर आधी त्या फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा, 'की फॅक्ट स्टेटमेंट' आणि करार कुठल्या नंबरवर, कुठल्या ईमेलवर पाठवला ते मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट आहे, वकील लागत नाही. चौकशीला १४४४८ हा नंबर आहे. आणि क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, अजून काही नावावर आहे का ते दिसेल.

---

सिन्नर_टू_सीबीएस | मंगळवार, सकाळी ९:४५

खूप आभार काका. आजच करतो.

---

कोड_आणि_मिसळ | मंगळवार, दुपारी १:३०

एसएमएसच्या तांत्रिक बाजूबद्दल थोडं, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

मराठी मेसेज युनिकोडमध्ये जातो, त्यामुळे एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजीला १६०. आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळं वेगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे 'कर्ज' हा शब्दच चार खातो. मजकूर लांबला की दोन-तीन तुकड्यांचे पैसे लागतात, म्हणून संस्था एकतर इंग्रजीत पाठवतात नाहीतर मराठीत गोलमोल एक ओळ. शिवाय बल्क मेसेजचा मजकूर आधी डीएलटीवर (बल्क मेसेजसाठीच्या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) टेम्प्लेट म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो, ऐनवेळी शब्द बदलता येत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नंबरऐवजी अक्षरी नावाने आलेल्या मेसेजला उत्तर देताच येत नाही. तुम्ही "उत्तर द्या" लिहिलं तरी मुलगी देणार कुठे? नंबरच नसतो. एसएमएस गट मागे पडला त्यात हेही असणार. मिस्ड कॉलचा नंबर देता येईल, फुकट असतो म्हणून लोक देतात, पण मिस्ड कॉलने तिला रक्कम कळली का हे समजत नाही. लिंक मात्र टाळा. "कर्ज मंजूर, इथे क्लिक करा" हे फ्रॉडवाल्यांचं रोजचं वाक्य आहे, आपणच मुलांना त्याची सवय लावायला नको.

तुमचा मजकूर इथे टाकाल का? बघतो काय करता येतं ते.

---

गोदाकाठची | मंगळवार, दुपारी २:१०

आमचा मजकूर असा होता: "प्रिय विद्यार्थी, आपला अर्ज मंजूर झाला असून रक्कम महाविद्यालयास वितरित करण्यात येईल. अधिक माहितीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा."

आत्ता तुमचं वाचल्यावर लक्षात येतंय की यात 'कर्ज' शब्दच नाही.

---

कोड_आणि_मिसळ | मंगळवार, दुपारी २:४०

हो ना. हे बघा: "४०,००० रु. कर्ज, परत करायचे. किती हवे ते आकड्यात कळवा." एका मेसेजमध्ये आरामात बसतं. कळवायचा नंबर दुसऱ्या मेसेजमध्ये द्या, पैसे वाचवायला नंबर कोंबून 'कर्ज' काढू नका. 'वितरित', 'साधावा' वगैरे सगळं जाऊ द्या. आणि "किती हवे" मुद्दाम ठेवलंय, तिला कमी पण मागता आलं पाहिजे.

---

दूरदेशी_नाशिककर | मंगळवार, रात्री ८:५५

मूळचा गंगापूर रोडचा, सध्या अमेरिकेत एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसमध्ये (मुलांची कर्जं-मदत बघणारं ऑफिस). ताई, तुमच्या समितीत जो वाद चाललाय तो इथे नियमातच लिहिलेला आहे म्हणून सांगतो.

इथे सरकारी विद्यार्थी कर्जाला एकदा सही केलेली मास्टर प्रॉमिसरी नोट (कर्ज फेडण्याचं लेखी वचन) १० वर्षांपर्यंत चालू शकते. म्हणजे पहिल्या वर्षी सही केली की पुढची कर्जं त्याच सहीवर. मग दरवर्षी मुलाला हे कर्ज खरंच हवंय का हे कसं ठरवायचं? तर दोन मार्ग. एक, कॉलेजने त्याच्याकडून लेखी स्पष्ट होकार घ्यायचा, हवी तेवढी रक्कम तो स्वतः ठरवतो. दोन, आम्ही एवढं देतोय असं कळवायचं आणि नको म्हणाला नाही तर द्यायचं. दुसरा मार्ग चालतो, पण त्याची किंमत म्हणून नियम कडक होतो. होकार घेतला असेल तर रक्कम खात्यावर जमा झाल्यापासून ३० दिवसांपर्यंत तशी नोटीस चालते, घेतला नसेल तर ७ दिवसांच्या आत द्यावी लागते. आणि कर्ज किंवा त्यातला काही भाग रद्द करायला पहिल्या प्रकारात किमान १४ दिवस, दुसऱ्यात ३० दिवस. थोडक्यात, गप्प राहण्याला हो धरायचं असेल तर लवकर सांगा आणि माघारीला जास्त वेळ द्या.

तुमच्यासारखं करून बघणंही इथे चालतं. निवडक कॉलेजांना काही नियमांतून सूट देऊन वेगळी पद्धत वापरून बघू द्यायची, असा अधिकार शिक्षण खात्याला कायद्यानेच दिलेला आहे.

इंडियाना युनिव्हर्सिटीने २०१२ पासून दरवर्षी मुलांना "तुझं आजपर्यंत इतकं कर्ज झालंय, महिन्याला अंदाजे इतका हप्ता येईल" असं पत्र पाठवायला सुरुवात केली, तिथलं कर्ज घेणं कमी झालं, आणि २०१५ मध्ये त्या राज्याने कायदाच केला. पण त्याच काळात तिथे इतरही गोष्टी चालू होत्या त्यामुळे सगळं श्रेय पत्राला देता येत नाही. दरोलिया आणि हार्पर या दोघांनी एका मोठ्या सरकारी विद्यापीठात तुमच्यासारख्याच चिठ्ठ्या टाकून अशी पत्रं काही मुलांना पाठवली, काहींना नाही, तर कर्जाच्या रकमेत फारसा फरक दिसला नाही. नुसतं कळवून माणूस बदलतोच असं नाही.

आणि तुमच्या "उत्तर नाही तर कर्ज नाही" गटाला हे दाखवा. मार्क्स आणि टर्नर यांनी एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या कोर्सचं सरकारी कॉलेज) प्रयोग केला, २०१९ मध्ये छापून आलाय. काही मुलांच्या पत्रात कर्जाच्या रकान्यात शून्य, काहींच्या पत्रात आकडा. दोघांनाही मिळू शकणारं कर्ज तेवढंच. तरी आकडा दिसलेल्यांनी जास्त घेतलं, आणि त्या आकड्यामुळे ज्यांनी कर्ज घेतलं त्यांचे गुण वाढले, जास्त विषय पूर्ण झाले. म्हणजे शून्य लिहून आपण मुलाला कर्जापासून वाचवलं असं वाटतं, पण काही मुलांचं त्यात नुकसान होतं.

---

गोदाकाठची | मंगळवार, रात्री १०:३०

हे समितीला वाचून दाखवते. त्या प्रयोगाने माझा जीव थोडा भांड्यात पडला, कारण मलाही वाटत होतं की गप्प राहिलेल्या मुली सगळ्यात गरजू आहेत पण सांगायला हातात काही नव्हतं. तुमच्या तिकडे मात्र मुलाचा स्वतःचा ईमेल असतो, लॉगिन असतो. आमच्याकडे गप्प म्हणजे नको म्हणून गप्प, की फोन बापाबरोबर लासलगावला कांद्याच्या लिलावाला गेलाय म्हणून गप्प, हे सांगता येत नाही.

---

पेठवाली | बुधवार, रात्री ११:१०

मी पहिल्यांदाच लिहिते आहे, नाहीतर नुसती वाचत असते. मी नर्सिंगला आहे, असंच एका संस्थेचं कर्ज घेतलंय, तुमचं नाही.

ताई तुम्ही अंगठ्याबद्दल लिहिलंय म्हणून सांगते. मी पण अंगठाच पाठवला होता. मला रक्कम कळली नव्हती असं नाही, पण परत कधीपासून करायचं ते समजलं नव्हतं आणि विचारलं नाही. कारण विचारलं तर त्यांना वाटेल हिला जमणार नाही, आणि कर्ज दुसऱ्याला देतील. आमच्या खोलीवर सगळ्यांना हीच भीती असते. मंजूर झाल्यावर कोणी काही विचारत नाही, गप हो म्हणायचं. मला खरं तर तीस हजार पुरले असते, कारण दादा थोडे देणार होता, पण कमी करा म्हणायची हिंमत झाली नाही.

म्हणून आधीच सांगा की प्रश्न विचारला, रक्कम कमी मागितली, किंवा आठ दिवस थांबा म्हटलं तरी मंजुरी जाणार नाही. हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा आम्ही वॉर्डात असतो, फोन लॉकरमध्ये. गावाकडच्या नंबरवर शनिवार-रविवार करा, तेव्हा आम्ही घरी असतो.

---

दूरदेशी_नाशिककर | गुरुवार, पहाटे ५:२०

पेठवाली, तू लिहिलेलं मी आमच्या ऑफिसात सांगणार आहे. हक्क आहे असं आम्ही लिहितो, हक्क वापरला तर काही बिघडत नाही हे लिहीत नाही.

---

निवृत्त_शाखाधिकारी | गुरुवार, सकाळी ८:३०

बेटा, फार नेमकं लिहिलंस. इतकी वर्षं टेबलाच्या या बाजूला बसून हे कधी कोणी मला सांगितलं नाही.

---

सातपूरचा_संतोष | गुरुवार, सकाळी ९:००

+१. आणि झेरॉक्सवाल्याचा नंबर हा मुद्दा आधी सोडवा राव, बाकी सगळं नंतर.

---

गोदाकाठची | शनिवार, रात्री ९:१५

काल समितीची बैठक झाली. दोन्ही तटांनी थोडं थोडं सोडलं. आता असं करणार आहोत.

फॉर्मवर दोन नंबर, एक मुलाचा किंवा मैत्रिणीचा, एक घरचा, आणि समोर कोणाचा नंबर आहे ते लिहायचं. फॉर्म घेतानाच त्यावर फोन लावून बघायचा, म्हणजे झेरॉक्सवाला सुटला. मंजुरीचा एसएमएस वरचा छोटा मजकूर, त्यात कर्ज शब्द पहिल्या ओळीत. मग तीन दिवस काही करायचं नाही. मग संध्याकाळी फोन, आणि पहिलं वाक्य पेठवालीने सांगितलेलं: काही विचारलंस, कमी मागितलंस तरी मंजुरी जात नाही. त्यानंतर मुलाने स्वतः सांगायचं, किती घेतोय आणि परत कधीपासून. ते कार्यकर्त्याने मुलाच्या शब्दांत लिहून घ्यायचं, हो-नाहीची खूण नाही. घरी पत्र सगळ्यांनाच जाणार.

उत्तर आलं नाही तर कर्ज रद्द होणार नाही आणि दिलंही जाणार नाही, तो अर्ज एका कार्यकर्त्याच्या नावावर लागेल आणि त्याने कॉलेजात किंवा घरी जाऊन भेटायचं. फीची मुदत आड येत असेल तर मंडळ कॉलेजला पत्र देऊन मुदत मागेल. आणि दुसऱ्या वर्षी हे सगळं परत, आतापर्यंत किती झालं हा आकडा सांगून. पुढच्या हप्त्याच्या वेळी पुन्हा चिठ्ठ्या टाकू आणि जुन्या एसएमएसपेक्षा यात फरक पडतो का बघू, तेच तीन प्रश्न.

एकच राहिलंय. सुरगाणा-पेठच्या काही घरांत आईला आमची नाशकातली मराठी फोनवर पटकन समजत नाही, घरात कोकणा बोली बोलतात.

---

पेठवाली | शनिवार, रात्री ९:५०

मी बोलीन ताई, आमच्या घरी कोकणाच बोलतात. रविवारी सुट्टी असते. नंबर आणि काय विचारायचं ते द्या फक्त.

---

गोदाकाठची | शनिवार, रात्री १०:०५

ये उद्या अकराला ठक्कर बाजारच्या गेटपाशी, मी घ्यायला येते. यादी आणि फोन मंडळाचा असेल, तुझा बॅलन्स खर्च करायचा नाही. व्यक्तिगत निरोपात माझा नंबर टाकलाय.